पाइपवर कोणी चढावे?

दसऱ्याच्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. सपत्नीक पूजा होते, संचालक आणि सभासद शेतकरी जमतात, नारळ फुटतो, भट्टी पेटते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. त्याआधीचे चार-पाच महिने त्याच बॉयलरच्या पोटात काय चालले होते, हे मात्र कोणत्याच छायाचित्रात दिसत नाही. गाळप संपून भट्टी थंड झाली की ठेकेदाराची माणसे मॅनहोलमधून आत शिरतात, परांची बांधतात, ट्यूबवरची राख आणि गंजाचे पापुद्रे घासून काढतात, आणि मग एक जण डी-मीटर, म्हणजे धातूची जाडी मोजणारे उपकरण, घेऊन वर चढतो, ट्यूबवर ग्रीसचा ठिपका लावतो, त्यावर प्रोब, म्हणजे उपकरणाचे मोजणारे टोक, टेकवतो आणि दिसलेला आकडा खाली ओरडून सांगतो. खालचा माणूस तो वहीत उतरवतो. नोकरीची पहिली काही वर्षे मी ती वही धरून उभा होतो आणि नंतरची बरीच वर्षे त्या वहीखाली सही करत होतो. त्यामुळे या विषयावर मी त्रयस्थपणे लिहू शकणार नाही.

पाइपची आणि ट्यूबची जाडी मोजत उभ्या भिंतीवर चढणारे रोबो आता प्रत्यक्ष वापरात आहेत. त्यांची चाके चुंबकाची असतात, पोटाशी एकाऐवजी प्रोबची रांग असते, आणि चालवणारा माणूस जमिनीवर पडद्यासमोर बसलेला असतो. अमेरिकेत पिट्सबर्गच्या गेको रोबोटिक्ससारख्या कंपन्या गेली दहा-बारा वर्षे वीज केंद्रांच्या बॉयलरवर हे काम करत आहेत. आपल्याकडे मद्रास आयआयटीतून निघालेल्या काही कंपन्या पाइपलाइनच्या तपासणीची यंत्रे बनवतात. तंत्र उपलब्ध आहे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न असा आहे की सातपूर, अंबड, सिन्नर, एकलहरे आणि साखर पट्ट्यातले कारखाने ही यंत्रे आपणहून आणतील का. माझे उत्तर आहे की आणणार नाहीत, आणि म्हणून हा विषय कारखानदारांच्या खरेदी विभागावर न सोडता सार्वजनिक चर्चेत आणला पाहिजे.

आधी मोजणी कशी होते ते पाहू, कारण सगळा वाद त्या मोजणीतच आहे. श्राव्यातीत ध्वनिलहर पोलादातून सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जाते. सहा मिलिमीटर जाडीच्या भिंतीत ती आतल्या पृष्ठभागावर आपटून परत येण्यास सेकंदाचा सुमारे पाच लाखावा भाग लागतो, आणि तेवढा काळ मोजून उपकरण जाडी दाखवते. अत्यंत विश्वासार्ह अशी ही रीत आहे. फक्त ती प्रोबच्या खाली जेवढी जागा आहे तेवढ्याचीच जाडी सांगते. आता बारा इंची पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ३२४ मिलिमीटर, म्हणजे परीघ एक मीटरच्या किंचित वर. अशा पाइपच्या एका मीटर लांबीचा पृष्ठभाग एक चौरस मीटर, म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर भरतो. दहा मिलिमीटर व्यासाचा प्रोब एका वेळी एक चौरस सेंटिमीटरही व्यापत नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार ठिकाणी तो टेकवला, तर त्या दहा हजारांपैकी जेमतेम तीन चौरस सेंटिमीटरची जाडी आपल्याला कळते. उरलेल्या पाइपविषयी आपण अनुमान करतो. झीज सगळीकडे सारखी होत असती तर ते अनुमान चालले असते. पण ती सारखी होत नाही. एल्बोच्या बाहेरच्या वळणावर, वेल्डच्या पुढे, ओरिफिसनंतर (पाइपमधल्या अरुंद छिद्रानंतर) जिथे प्रवाह खवळतो तिथे, आणि इंधन म्हणून जाळल्या जाणाऱ्या बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चोथ्याबरोबर, आलेली वाळू जिथे वेगाने आदळते तिथे भिंत झपाट्याने झिजते आणि वीतभर अंतरावर ती जशीच्या तशी असते.

सातपूरच्या एका कारखान्यात मी हे पाहिले आहे. कंडेन्सेटच्या, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या, एका पाइपवर आम्ही सलग पाच वर्षे खडूच्या त्याच खुणांवर जाडी मोजली. त्या खुणा तिथे का होत्या, तर पहिल्या वर्षी परांची तिथपर्यंत पोहोचली होती. आकडे दरवर्षी चांगले येत होते. पाचव्या वर्षी त्या खुणेपासून सुमारे सहा इंचांवर पाइप फाटला. सुदैवाने जेवणाची सुट्टी होती आणि खाली कोणी नव्हते. वहीतले आकडे खोटे नव्हते, मोजणारा मुलगा कामचुकार नव्हता आणि त्याखालची सही माझी होती. आम्ही जिथे हात पोहोचत होता तिथे मोजत होतो, आणि पाइप जिथे हात पोहोचत नव्हता तिथे झिजत होता.

मोठ्या आणि श्रीमंत कारखान्यांतही हेच घडले आहे. ६ ऑगस्ट २०१२ रोजी कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे शेव्हरॉनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आठ इंची पाइप फुटून आग लागली. १९ कामगार तेलाच्या वाफेच्या ढगात सापडूनही कसेबसे वाचले आणि धुरामुळे परिसरातले सुमारे १५,००० लोक दवाखान्यांत गेले. त्या पाइपचा फुटलेला तुकडा कमी सिलिकॉन असलेल्या पोलादाचा होता, त्यामुळे तेलातल्या गंधकाने तो शेजारच्या तुकड्यांहून कितीतरी वेगाने झिजला होता. जाडी मोजली जात होती ती शेजारच्या भागांची. चढणाऱ्या रोबोच्या बाजूने याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही, कारण असा रोबो निवडक चार ठिकाणांऐवजी काही मिलिमीटरच्या अंतराने मोजत जातो आणि संपूर्ण भिंतीचा नकाशा हाती देतो.

मात्र याच उदाहरणात रोबोच्या समर्थकांना अडचणीचा वाटावा असा एक भाग आहे आणि तो वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या प्रकारच्या पाइपचा प्रत्येक तुकडा तपासावा, अशी शिफारस त्या कंपनीच्याच तज्ज्ञांनी अपघाताच्या कितीतरी आधी केली होती आणि ती अमलात आली नव्हती. जपानमध्ये मिहामा अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या संचात ९ ऑगस्ट २००४ रोजी गरम पाण्याचा मोठा पाइप फुटून पाच कामगारांचा बळी गेला. मुळात दहा मिलिमीटर असलेली त्याची भिंत झिजून दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. १९७६ मध्ये तो संच सुरू झाल्यापासून त्या जागेची एकदाही तपासणी झाली नव्हती, कारण तपासणीच्या यादीत ती जागा लिहायचीच राहून गेली होती. मेलेले कामगार ठेकेदाराचे होते आणि येऊ घातलेल्या नियतकालिक तपासणीच्या तयारीसाठी तिथे आले होते. जी जागा यादीतच नाही तिथे रोबोही जाणार नाही, आणि जो आकडा पाहून कोणी प्लांट थांबवणार नाही तो रोबोने आणला काय किंवा माणसाने आणला काय, त्याने पाइप जाड होत नाही. म्हणून माझी मागणी केवळ यंत्राची नाही. यंत्राबरोबर त्याच्या आकड्याला कायद्याने वजन मिळाले पाहिजे, अशी ती मागणी आहे.

यंत्र आपणहून का येणार नाही, याचे कारण बोलायला अवघड असले तरी साधे आहे. वर चढणारा माणूस स्वस्त आहे. परदेशात रोबोचा हिशेब मांडताना परांचीचा खर्च, विम्याचा खर्च आणि कुशल निरीक्षकाच्या तासांचा खर्च एका बाजूला येतो आणि यंत्र त्या तुलनेत परवडते. आपल्याकडे त्या बाजूला ठेकेदाराच्या माणसाची रोजंदारी येते आणि यंत्र महाग ठरते. जोपर्यंत हा हिशेब असाच मांडला जाईल तोपर्यंत उत्तरही तेच येईल. गटारांच्या बाबतीत आपण हे पाहिलेच आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा बँडिकूट नावाचा रोबो २०१८ मध्ये प्रत्यक्ष कामाला लावला, आणि तरीही गटारात माणूस उतरल्याच्या आणि गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. यंत्र असणे आणि माणसाऐवजी ते वापरले जाणे यांमधले अंतर बाजार मिटवत नाही. ते नियमाने मिटवावे लागते.

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि ते १९७९ ते १९८१ या काळातले आहेत. अशा संचात बॉयलरचा ड्रम जमिनीपासून पन्नास मीटरच्या आसपास उंचीवर असतो आणि त्याखाली भट्टीच्या चारही भिंती ट्यूबच्या असतात. ट्यूब लिकेज झाले की संच बंद, मग भट्टी थंड होण्याची वाट पाहायची, मग परांची, मग शोध, मग वेल्डिंग. या क्रमात परांची बांधणारी माणसे सर्वांत आधी आत जातात आणि सर्वांत शेवटी बाहेर येतात, पण त्यांची नावे तपासणीच्या अहवालात कुठेही नसतात. वरून सुटलेला राखेचा गठ्ठा, निसटलेला क्लॅम्प, अर्धवट थंड झालेल्या भट्टीतली घुसमट हे सगळे ती सोसतात, आणि ते कशासाठी, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतचा एक आकडा मिळावा म्हणून. तो आकडा आवश्यक आहे हे मी आयुष्यभर मानत आलो. तो मिळवण्यासाठी माणसाला तिथे टांगणे आवश्यक आहे, हे मात्र आता खरे राहिलेले नाही, आणि जे आवश्यक राहिलेले नाही ते केवळ स्वस्त आहे म्हणून चालू ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

यावर पहिला आक्षेप येईल तो रोजगाराचा. परांचीवर चढणारी मुले बहुधा जिल्ह्यातल्या कसमादे, पेठ, सुरगाण्याकडची किंवा परप्रांतातली असतात आणि त्या हंगामी कामावर त्यांची घरे चालतात, हे खरे आहे. परंतु या मुलांतली हुशार मुले आजही पदरचे पैसे भरून एनडीटी (धातूला धक्का न लावता होणारी तपासणी) लेव्हल टूचे प्रमाणपत्र मिळवतात, कारण त्यांना डी-मीटर हातात हवा असतो, परांचीचा नट नव्हे. रोबो स्वतःहून काही समजत नाही. कोणता पट्टा आधी घ्यायचा, आलेला कमी आकडा खरा की पृष्ठभागावरच्या खपल्यांमुळे आलेला, कुठे थांबून हाताने पुन्हा मोजायचे, हे ट्यूब ओळखणाऱ्या माणसालाच कळते. ज्याने दहा वर्षे ट्यूब घासल्या आहेत त्याच्याइतका चांगला रोबोचालक अभियांत्रिकीचा नवा पदवीधर होईल, असे मला वाटत नाही. म्हणून कोणताही नियम करताना आजच्या परांचीवरच्या कामगारांना सर्वांत आधी प्रशिक्षण देण्याची अट त्यातच लिहिली पाहिजे.

दुसरा आक्षेप यंत्राच्या मर्यादांचा आहे आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. ज्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही त्यावर हा रोबो चढत नाही. लॅगिंगच्या, म्हणजे उष्णतारोधक आवरणाच्या, पत्र्यावरून त्याला आतल्या पाइपची जाडी या पद्धतीने कळत नाही, आणि लॅगिंगखाली पाणी मुरून होणारा गंज हा तर कारखान्यांचा जुना शत्रू आहे. दोन इंची पाइपच्या गुंत्यात किंवा कन्व्हेक्शन बँकेच्या दाट ट्यूबमध्ये तो शिरू शकत नाही. राखेचा थर असेल तर आधी सफाई लागतेच, आणि सफाईला माणूस लागतोच. वरून सुटला तर तो स्वतःच खालच्या माणसाला इजा करू शकतो, त्यामुळे त्याला दोर बांधूनच चढवावे लागते. या मर्यादांचा अर्थ एवढाच की यंत्र जिथे जाऊ शकते तिथे माणूस पाठवू नये आणि जिथे ते जाऊ शकत नाही तिथे माणसाला पुरेसा वेळ, हवा आणि पक्की परांची द्यावी. सगळे जमत नाही म्हणून काहीच करायचे नाही, हा युक्तिवाद मी अनेक बैठकांत ऐकला आहे. तो करणारा स्वतः कधी भट्टीत उतरलेला मी पाहिला नाही.

आता कायद्याकडे येतो. बॉयलरचा मूळ कायदा १९२३ चा. त्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. बॉयलरला साधारणतः वर्षभराचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यासाठी तपासणी व जलदाब चाचणी होते. कामाच्या दाबापेक्षा अधिक दाबाने पाणी भरून बॉयलर टिकतो का हे त्यात पाहतात. ही चाचणी हवीच, पण ती सांगते की आज भिंत टिकली. किती उरली आहे आणि किती वेगाने कमी होते आहे, हे ती सांगत नाही. त्यासाठी जाडीचा नकाशा लागतो आणि तोही सलग काही वर्षांचा, म्हणजे मागच्या वर्षीचा नकाशा यंदाच्या नकाशावर ठेवून फरक पाहता येईल असा. वहीतल्या आकड्यांवरून हे करता येत नाही, कारण मागच्या वर्षी नेमके कुठे मोजले होते हे वही बहुधा सांगत नाही. रोबोच्या नोंदीत जागा आणि जाडी एकत्र असतात. या यंत्राची खरी किंमत मला या एका गोष्टीत दिसते.

२००७ च्या दुरुस्तीनंतर सरकारी निरीक्षकांबरोबर खासगी सक्षम व्यक्तींनाही तपासणीचा मार्ग मोकळा झाला. निरीक्षकांची संख्या अपुरी असताना ते समजण्यासारखे होते. पण ज्याचा बॉयलर तपासायचा त्याच्याकडूनच मानधन घेणारा माणूस हंगामाच्या तोंडावर ‘थांबवा’ असे किती सहज म्हणू शकेल, याचा विचार व्हायला हवा. मी स्वतः सही करणाऱ्यांपैकी होतो. ऊस तोडून गाड्या रस्त्याला लागलेल्या असताना एका ट्यूबसाठी आठवडाभर थांबा असे सांगणाऱ्यावर काय दडपण येते, ते मी भोगले आहे आणि प्रत्येक वेळी मी त्याला पुरा पडलो असे म्हणणार नाही. मूळ नकाशा परस्पर बाष्पके संचालनालयाकडे गेला असता, तर माझ्यासारख्याला बळ मिळाले असते. ‘आकडा माझ्या हातात नाही, तो वर पोहोचला आहे’ एवढे एक वाक्य अशा वेळी पुरते.

हा आकडा कामगारांना आणि शेजाऱ्यांनाही दिसला पाहिजे, असे मी पुढे जाऊन म्हणतो. याला व्यापारी गुपिताचे कारण देऊन विरोध होईल. पाइपमधून काय वाहते, किती तापमानाला, कोणत्या प्रमाणात, हे गुपित असू शकते. पाइपची भिंत किती उरली आहे हे गुपित असू शकत नाही. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात जी कलमे घातली गेली त्यांत धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन होते. तो कायदा पुढे श्रम संहितेत सामावला गेला तरी त्यामागचे तत्त्व आपण एकदा मान्य केलेले आहे. २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्र प्रदेशातील नगरम या गावात गॅसची पाइपलाइन फुटून वीसहून अधिक माणसे जळून गेली. ते गाव गोदावरीच्या मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशातले, आपल्या त्र्यंबकेश्वराला उगम पावणाऱ्या नदीच्या दुसऱ्या टोकाचे. आपल्या घराशेजारच्या पाइपची भिंत किती उरली आहे, हे त्या गावात कोणालाही माहीत असण्याचा काही मार्ग नव्हता. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोंभोवती किंवा अंबडच्या वसाहतीला लागून झालेल्या नव्या सोसायट्यांत राहणाऱ्यांनाही तो आज नाही.

खर्चाचा मुद्दा लहान कारखान्यांच्या बाबतीत खराच आहे. तासाला एक-दोन टन वाफ देणारा बॉयलर असलेल्या औषध किंवा खाद्यप्रक्रिया उद्योगाने स्वतःचा रोबो घ्यावा, असे कोणी म्हणू नये. परंतु अंबडला नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे, आणि एकट्याला न परवडणारी उपकरणे अनेकांनी मिळून वापरावीत याच हेतूने ते उभे राहिले. तिथे दोन-तीन क्रॉलर, म्हणजे असे चढणारे रोबो, ते चालवणारी प्रशिक्षित माणसे आणि नोंदी सांभाळणारी व्यवस्था ठेवता येईल. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी पुढाकार घेतला तर भाड्याचे दरही वाजवी ठेवता येतील. साखर कारखान्यांचे तपासणीचे काम पावसाळ्यात असते आणि बाकीच्यांचे वर्षभर विखुरलेले, त्यामुळे तीच यंत्रे दोघांनाही पुरतील. वीज केंद्रांसारख्या मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांना मात्र खर्चाची सबब देता येणार नाही. त्यांनी सुरुवात आपल्यापासून करावी.

कायदा बदलण्याची वाट न पाहता एक गोष्ट येत्या हंगामाआधीच करता येईल. जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी साखर कारखान्याने, जिथे मालक हे सभासद शेतकरीच आहेत, वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव करावा की यंदा भट्टीच्या भिंतींची जाडी क्रॉलरने मोजली जाईल, तो नकाशा मूळ स्वरूपात संचालनालयाला दिला जाईल, आणि अग्निप्रदीपनाच्या दिवशी बॉयलरच्या प्रमाणपत्राशेजारी तो फ्रेम करून लावला जाईल, ज्यात कमी जाडीच्या ट्यूब लाल रंगात आणि बदललेल्या ट्यूब तारखेसह दाखवलेल्या असतील, आणि खाली तो क्रॉलर चालवणाऱ्या कामगाराचे नाव असेल.